ख्नूमच्या गाभाऱ्यातली टाच

“पाशेदू, गाभारा झाडतोयस की विटा पाडतोयस?” दारातून मुख्य पुजारी हापू गरजला. “सूर्य वर आला की!”

पाशेदू झाडत राहिला. पहाटेची पूजा आटोपली की उलट्या पावली बाहेर यायचे आणि येता येता फरशीवरच्या बारीक वाळूतली आपली पावले झाडूने पुसायची. माणूस आत येऊन गेल्याची खूणही मागे उरता कामा नये, असा कुंभाराच्या चाकावर माणसे घडवणाऱ्या ख्नूम देवाच्या देवळाचा दंडक होता. वर्षातले आपल्या पाळीचे तीन महिने अंगावरचा केस न् केस काढून, मासळी वर्ज्य करून पाशेदू ही सेवा करी. उरलेले नऊ महिने नदीकाठी विटा पाडी. अशी छत्तीस वर्षे सरली होती. पण गेल्या पुरापासून त्याच्या डोळ्यांवर दुधाळ साय आली होती. तो अंदाजाने झाडू फिरवी. हे कळले तर देवाचे दार आपल्याला कायमचे मिटेल, या धास्तीने त्याने बायकोलाही सांगितले नव्हते.

तो उंबऱ्याशी पोहोचला. हापूने दिवा उंच धरला.

“झालं?”

“झालं, महाराज.”

“नीट बघ.”

पाशेदूने पाहिले. नुसता धुरकट उजेड. देवासमोर खोटे त्याच्या जिभेवर येईना.

“दिसत नाही, महाराज. पुरापासून.”

“ठाऊक आहे. परवा मला सोडून खांबाला नमस्कार केलास!”

“मग आजवर बोलला नाहीत?”

“आजवर एकही खूण राहिली नव्हती. डोळस माणसं अर्धी पावलं तशीच ठेवून येतात. आज मात्र चौथऱ्यापाशी एक टाच राहिलीय.”

“पुसून येतो!”

“थांब. उद्यापासून दुसऱ्यांची पाळी. तुझी पुन्हा यायची नाही, कळतंय ना?”

“कळतंय.” पाशेदूने झाडू भिंतीला टेकवला. “छत्तीस वर्षं आत येऊ दिलंत, महाराज. विटा पाडणाऱ्यानं आणखी काय मागावं?”

हापूने दिवा खाली घेतला. “मग राहू दे ती टाच. ज्यानं चाकावर घडवली, त्यालाच दिसली तर काय बिघडलं? उद्याचा माणूस पुसेल.”

त्याने दार ओढले, कडीला दोरी बांधली आणि शिक्क्यासाठी मातीचा गोळा पाशेदूच्या हाती दिला. पाशेदूने तो मळला, गाठीवर चेपला, कडा अंगठ्याने गुळगुळीत केल्या. हापूने मोहोर उमटवली. पाशेदू दोन्ही तळहात बंद दाराकडे उचलून उभा राहिला. अंगठ्यावरची माती हळूहळू वाळत होती.