पाणकावळ्याची बोली

तिकीटभाऊंना खरं नावही होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकलं, एका हातात भिंग घेतलं, दुसऱ्या हातात चिमटा, आणि जे बसले ते बसलेच. समोरचा टायरवाला अधूनमधून ओरडून विचारायचा, "भाऊ, त्या कागदाच्या कपट्यात एवढं बघायला आहे तरी काय?"

"तू ट्यूब पाण्यात बुडवून काय बघतोस?"

"भोक."

"मीही तेच बघतो."

आणि ते खरंच होतं. दुसरे लोक जुन्या पोस्टाच्या तिकिटात रंग बघायचे, राजे-राण्या बघायचे. भाऊ आधी खोट शोधायचे. कडेचे दाते आखूड आहेत का, मागे चिकटपट्टीचा डाग आहे का, कागद कुठे झिजून पातळ झालाय का. चाळीशीच्या आत त्यांना एकदोघांनी चांगलं गंडवलं होतं, त्यातून ही दृष्टी आली होती.

तिकिटं इंटरनेटवर लिलावात विकायची कल्पना जावयाची. जावई मोबाइलच्या दुकानात मॅनेजर, बोटं चपळ, तोंड त्याहून चपळ. एका रविवारी त्याने खातं उघडून दिलं, तिकिटांचे फोटो कसे काढायचे, आठवडाभर बोली कशी चढते, मुदत संपताना ज्याची बोली सगळ्यांत वर त्याला माल कसा जातो, सगळं समजावलं. दुकानाला नाव काय द्यायचं, विचारलं. भाऊ म्हणाले, "सचोटी."

"बाबा, असं नाव दिलं की लोकांना आधी संशय येतो."

"येऊ दे. आणि मग जाऊ दे."

संशय आला असेल तर तो गेलाही लवकर. कारण भाऊंचं वर्णन असं असायचं: 'वरचा उजवा दाता तुटका. मागे जुना डाग. शिक्का जरा बेंगरूळ बसलाय. बाकी तिकीट गोड.' बायको ते वाचून कपाळाला हात लावायची. "लेकीच्या लग्नाच्या वेळी तुम्ही असंच बोलला असतात, तर ती आजही घरातच असती." पण गिऱ्हाइकांना हे नवीन होतं. ज्या बाजारात प्रत्येक जण आपल्या कथलाला चांदी म्हणतो, तिथे एक माणूस स्वतःच्या मालाची उणीदुणी सांगतोय म्हटल्यावर लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून माल घेऊ लागले. लेक पाकिटं भरायची, जावई फोटो काढायचा आणि पोस्टात टाकायचा, त्याचा हिस्सा तो घ्यायचा. भाऊंना त्यात काही गैर वाटत नव्हतं. काम करतो, घेतो.

गिऱ्हाइकांत एक डोळ्यांचे डॉक्टर होते. निवृत्त, विधुर, लांबच्या गावी एकटे राहणारे. साइटवर त्यांनी 'दुर्बीण' असं नाव घेतलं होतं आणि ते फक्त पक्ष्यांची तिकिटं घेत. पहिल्यांदा त्यांनी फोन केला तो तक्रार करायला. "तुम्ही लिहिलंय तेवढा डाग मोठा नाही हो." तिथून मैत्री जमली. दर आठवड्याला फोन. कुठल्या देशाने घुबडाचे डोळे चुकीचे रंगवलेत, कुणी खंड्याची चोच उलटी काढलीय, यावर दोघं तास-तास बोलत. बायको म्हणायची, "माझ्याशी एवढं लग्नाच्या आधीसुद्धा बोलला नव्हतात."

डॉक्टरांची एकच कुरकुर होती. "तिकीटभाऊ, हा पाणकावळा कोण हो? मी बोली लावली की हा आलाच उरावर. परवा सुतारपक्ष्यांच्या जोडीला मी ठरवलं होतं त्याच्या दुपटीवर नेलं मला."

'पाणकावळा' हेही एक टोपणनावच होतं. भाऊ हसून म्हणायचे, "जाणकार दिसतोय. तुमच्यासारखाच पक्षीवेडा."

"वेडा कसला, हट्टी आहे. पण मीही काही कमी नाही."

भाऊंना या झुंजीचा मनातून आनंद होत असे, हे खोटं कशाला बोला. शेवटच्या मिनिटांत आकडा उड्या मारत वर जायचा तेव्हा ते टेबलाची कड घट्ट धरून बसायचे. आपण पारखलेल्या तिकिटासाठी दोन दर्दी भांडतायत, याहून मोठा मान कुठला? पाणकावळा नेहमी थोडक्यात हरतो, जिंकत कधीच नाही, याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. तिकिटाचा अर्धा दाता तुटलेला त्यांना दिसायचा, पण हे दिसलं नाही.

मग डॉक्टर आजारी पडले. त्या आठवड्यात खंड्याच्या एका सुरेख तिकिटावर 'दुर्बीण'ने सुरुवातीला बोली लावली आणि पुढे गप्प बसली. तिकीट पाणकावळ्याला गेलं.

रविवार होता. लेक-जावई सकाळीच आले होते, चहा झाला होता, जावई आत अंघोळीला गेला होता. भाऊंनी खुशीत साइटवरून पाणकावळ्याला निरोप लिहिला: 'अभिनंदन. आपला पत्ता कळवावा.' निरोप पाठवला, आणि टेबलावर बशीशेजारी पडलेला जावयाचा फोन टिंग करून वाजला.

भाऊंनी तिकडे पाहिलंही नाही. मग आठवलं, पिनकोड मागायचा राहिला. पुन्हा लिहिलं. फोन पुन्हा वाजला.

आता मात्र त्यांनी मान वर केली. चष्मा काढून पुसला. मग फक्त एक टिंब लिहून पाठवलं. टिंग.

लेक समोर बसून पाकिटांवर पत्ते लिहीत होती. तिचा हात थांबला होता. बापाने तिच्याकडे पाहिलं, तिने नजर खाली घातली, आणि तेवढ्यात सगळं बोलून झालं.

जावई डोकं पुसत बाहेर आला. भाऊ म्हणाले, "पाणकावळ्याचा पत्ता हवा होता, जावईबापू."

तो घाबरला नाही, हे भाऊंना जास्त लागलं. तो खुर्ची ओढून बसला आणि एखाद्या अडाणी गिऱ्हाइकाला समजावावं तसं म्हणाला, "बाबा, हे सगळे करतात. बोली थोडी हलवावी लागते. नाहीतर तुमची तिकिटं पाण्याच्या भावाने गेली असती. कुणाचा गळा तर नाही ना कापला? ज्याला हवं त्याने स्वखुशीने घेतलं."

"स्वखुशीने? त्याला वाटत होतं समोर माणूस आहे. समोर तुम्ही होतात. म्हणजे मी होतो."

"तुम्ही कुठे होता? तुम्हाला तर माहीतही नव्हतं. तुमचं नाव स्वच्छच आहे."

"माझ्या नावावरच तर हात धुऊन घेतलेत."

"बाबा, आवाज चढवू नका," लेक म्हणाली. "यांनी घरासाठीच केलं."

भाऊ बायकोकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नव्या गुडघ्यावर सरळ, काठीशिवाय. ऑपरेशनला गेल्या वर्षी लिलावांनीच हात दिला होता.

"तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी जिना बसून उतरत होते. तुमच्या सचोटीने गुडघा बदलून मिळत नाही."

ज्या घरात ते प्रत्येक तिकिटाची खोट मोठ्याने वाचून दाखवत, त्या घरात ही एक खोट सगळ्यांना ठाऊक होती. त्यांना एकट्याला सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. बायको म्हणाली, "कशाला? त्या माणसाला सुखात राहू द्या." पण भाऊंना ते जमेना. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पाणकावळा म्हणजे माझा जावई. तुम्ही माझ्याकडून जे घेतलंत त्यातलं बरंचसं तुम्हाला खोट्या बोलीने महाग पडलं. फरक मी परत करतो.

डॉक्टर म्हणाले, "ती सुतारपक्ष्यांची जोडीही?"

"तीही."

"आणि आपण तासन् तास बोलायचो, तेव्हा तो शेजारी बसलेला असायचा?"

"कधी कधी. पण मला—"

"पैशाचं सोडा हो. मी माझ्या पाचसहा मित्रांना तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, या जगात एक माणूस आहे, डोळे झाकून घ्या. त्यांना आता कुणी सांगायचं?"

"मी सांगतो."

"नको. तुमचं सांगून झालंय."

डॉक्टरांनी साइटकडे तक्रार केली. करणारच. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केली असती, असं भाऊ स्वतःशी म्हणाले, पण दुकानाच्या पाटीवर 'या विक्रेत्याने बोली फुगवल्याचे आढळले' अशी लाल ओळ आली, तेव्हा ती वाचून त्यांना उठून पाणी प्यावं लागलं. खातं बंद झालं. जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप आले. कुणी शिव्या दिल्या, कुणी सभ्य भाषेत शिव्यांपेक्षा वाईट लिहिलं. एकाने विचारलं, आखूड दाता सांगायचात तोही नाटकाचाच भाग होता का?

जावयाचंही खातं बंद झालं. त्याने दुपारी बसून दुसऱ्या नावाने नवीन उघडलं. लेकीला म्हणाला, "तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आणि माझ्याही पाडला." लेक त्यानंतर फोन करायची तो आईला. भाऊंनी उचलला तर म्हणायची, "आईला द्या."

फरक परत करायचा शब्द मात्र भाऊंनी दिला होता. हाती होतं ते अपुरं होतं. राहिला स्वतःचा अल्बम. तरुणपणापासून जमवलेला, लिलावात कधीच न काढलेला. तो विकायला आता साइट नव्हती. ते अल्बम पिशवीत घालून नाणेवाल्याकडे गेले. बाजारात जुनी नाणी, नोटा, तिकिटं विकणारा हा माणूस; पूर्वी भाऊंनी त्याच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकासमोर त्याच्या मालातली खोट दाखवली होती. त्याने तो राग सुपारीसारखा गालात धरून ठेवला होता.

पानं उलटत तो म्हणाला, "माल चांगला आहे, भाऊ. पण तुमच्या नावाने तो आता विकता येत नाही, ही अडचण. सोन्याला डाग नाही, पण सोनार बदनाम." आणि निम्म्याहूनही कमी भाव बोलला. भाऊंनी घासाघीस केली नाही.

शेवटच्या पानावर एकच तिकीट होतं. सुतारपक्षी, पण डोक्यावरचा तांबडा तुरा पांढरा. छापताना तांबडा रंग राहून गेला असेल तर असं तिकीट लाखमोलाचं. पण हे तसं नव्हतं. कुणीतरी औषधाने रंग धुऊन काढला होता, आणि तरुण भाऊंना ते खरं म्हणून विकलं होतं. आपल्यालाही फसवता येतं हे लक्षात राहावं म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'खोटे.'

"हे हिशोबात धरू नका," भाऊ म्हणाले. "रंग धुतलेला आहे."

"असू द्या. कचऱ्यात कचरा," नाणेवाला म्हणाला आणि अल्बम मिटला.

पैसे डॉक्टरांना पाठवले. उलट एका शब्दाचा निरोप आला: 'मिळाले.'

भाऊ अजूनही साइट बघत. खातं नसलं तरी काचेतून दुकान बघतात तसं बघता येतं. महिन्याभराने एका सकाळी त्यांना तो सुतारपक्षी दिसला. विकणारा नाणेवाला. वर्णनात लिहिलं होतं: 'अतिदुर्मिळ. तांबडा रंग छापायचा राहिलेला. एका चोखंदळ संग्राहकाच्या खासगी अल्बममधून. निर्दोष.' पेन्सिलीचं अक्षर खोडून टाकलं होतं. आणि बोलीत सगळ्यांच्या वर होती 'दुर्बीण'.

भाऊ थेट बाजारात गेले. नाणेवाला म्हणाला, "तुम्ही म्हणालात धुतलंय, मी म्हणतो छपाईची चूक. जा, तक्रार करा. लाल ओळीवाल्याचं कोण ऐकतं ते बघू."

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.

"डॉक्टरसाहेब, फोन ठेवू नका. तो सुतारपक्षी घेऊ नका. खोटा आहे. माझाच होता तो, मीच विकलाय. रंग धुतलाय त्याचा. तुऱ्याच्या कडेला भिंग लावून बघा, कागदाचे तंतू उठलेत."

"फोटोत तर दिसत नाहीत."

"फोटोत दिसणार नाहीत. मला माहीत आहे."

डॉक्टर हसले. पूर्वी त्या हसण्यासाठी भाऊ आठवडाभर वाट बघायचे.

"आधी भाव चढवत होतात," डॉक्टर म्हणाले, "आता पाडायला लागलात. या वेळी कुणासाठी? जावयालाच हवंय का ते?"

"अहो, शपथेवर—"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

मुदत दुपारी संपायची होती. भाऊ टेबलापाशी बसून राहिले. शेवटी एक नवखं नाव मध्ये घुसलं आणि आकडा चढू लागला. 'दुर्बीण' हटायला तयार नव्हती. ते नवखं नाव खऱ्या माणसाचं आहे की नाणेवाल्याचं की आणखी कुणाचं, हे भाऊंना सांगता आलं नसतं. आकडा चढवत नेऊन एका ठिकाणी ते थांबलं, थोडक्यात हरलं, आणि लिलाव संपला.

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "काय झालं? गेलं कुणाला?"

"डॉक्टरांना."

"चला," ती म्हणाली, "बिचाऱ्यांच्या मनासारखं झालं. तुम्ही उगाच जीव टाकत होतात." आणि कप टेबलावर ठेवून ती आत गेली.