बाथरूमला हात लावायचा नाही

पाणी वरच्यांकडूनच येत होतं, यात मला शंका नव्हती. शंका घेऊन चालणारच नव्हतं. आमच्याकडचं निघालं तर आमची बाथरूम फोडावी लागली असती, आणि बाथरूमला हात लावायचा नाही हे मी बायको गेली तेव्हाच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सून साबणाची डबी घासायला गेली तर तिच्यावरही ओरडलो. हिची चप्पल दाराशी तशीच आहे, केसांच्या पिना खिडकीत तशाच आहेत, आणि भिंतीला तो स्टीलचा दांडा आहे. आजारपणात त्याला धरून ती एकटी आंघोळ करायची. शेवटपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. मी दाराशी घुटमळलो की आतून म्हणायची, "दांडा आहे ना, मग तुमचं काय काम?"

बाथरूमच्या पलीकडची भिंत आमच्या झोपायच्या खोलीची. तिच्यावर फुगा आला. आधी रंग सुटला, मग गिलावा. बोटाने दाबलं की भिजलेल्या पिठासारखं हाताला यायचं.

मी वर जायला लागलो. रोज. बरोबर माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. आमच्याच गल्लीत राहतो आणि भांडायला बोलावलं तर भरल्या ताटावरून उठून येतो.

"तुमच्या बाथरूमचं पाणी गळतंय," मी म्हटलं.

"आमची बाथरूम कोरडी खडखडीत आहे," वरचे साहेब म्हणाले. साहेब ते आता कुठलेच नाहीत, निवृत्त होऊन जमाना झाला, पण दारात उभं राहायची तऱ्हा अजून तीच.

"मग आमची भिंत काय उगाच रडतेय?" मेहुणा ओरडला.

"तुमच्या घरात कोण रडतंय, ते मला काय विचारता!"

बोलले आणि त्यांचा चेहरा पडला. पण तोंडातून गेलं ते गेलं. मी त्यांची कॉलर धरली. त्यांची बायको मध्ये आली म्हणून निभावलं.

"माणूस बोलवा," ती म्हणाली. "आमचं पाणी बंद करा, काय तपासायचं ते तपासा. पण हा रोजचा तमाशा पुरे."

माणूस आला. प्लंबर. भिंतीला लोखंडी सळई टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावतो, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात. त्याने वरच्यांचं पाणी बंद करून ठेवलं. बिचारे शेजाऱ्यांकडून बादल्या वाहत होते. मला बिलकूल दया आली नाही. फुगा मात्र वाढतच होता.

"मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो," मी म्हणालो.

"उतरायला लागतो काका, पण हे चढतंय," कानसेन म्हणाला. "आता तुमचं बघू."

आमचे सगळे नळ त्याने बंद केले आणि मला खाली मीटरपाशी नेलं. मीटरमधली बारकी चकती फिरत होती. हळूहळू, पण फिरत होती.

"घरात सगळं बंद, मग हे कुणाला पाणी पाजतंय?"

वरचे साहेब मागे येऊन उभे होते. चकती त्यांनीही बघितली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग मी, मेहुणा, कानसेन आणि साहेब, आम्ही चौघे बाथरूममध्ये. तिथे एका माणसाला धड वळता येत नाही. "चप्पल सांभाळून," मी म्हटलं, तेही खेकसून. कानसेनने सळई लावली, सरकवली, पुन्हा लावली, आणि दांड्याच्या खालच्या स्क्रूपाशी येऊन थांबला.

"हा कोणी बसवला?"

"मी," मेहुणा म्हणाला. "का?"

"पाइप कुठून गेलाय ते बघितलं होतं?"

"ताई आदल्या दिवशी पडली होती इथे. बघत बसायला वेळ कुणाला होता?"

"स्क्रू थेट पाइपात गेलाय. नवा होता तोवर बुचासारखा बसला, पाणी अडलं. आता गंजला आणि वाट मोकळी झाली."

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माझ्या डोक्यात असा जाळ झाला की काय सांगू. हाच माणूस रोज माझ्याबरोबर वर येऊन बाह्या सरसावत होता! एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. पण याच दांड्याच्या जोरावर ती आत एकटी जात होती. मारू तरी कसा?

"फरश्या फोडाव्या लागतील," कानसेन म्हणाला. "दांडा काढून ठेवू."

"टाकूनच द्या तो," मेहुणा खाली बघत म्हणाला. "आता कुणाला लागतोय?"

"मला लागतोय!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माझाच आवाज कानांत घुमला. "हात लावून तर बघ. एक फरशी फुटणार नाही इथली!"

"ओरडून गळती थांबत नाही, काका."

"मग पाणी दुसरीकडून आण. हा पाइप मरू दे भिंतीत."

कानसेनने दारावरची भिंत नजरेने मोजली. "आणता येईल. स्वयंपाकघरातच हा तोडून बूच मारतो. पण नवा पाइप उघड्यावरून येणार, दारावरून, आरशावरून. दवाखान्यासारखं दिसेल. लोक दांडा हलवतात हो, पाइप नाही."

"लोक गेले खड्ड्यात."

"दिसू दे की कसंही," वरचे साहेब म्हणाले. "राहायचंय त्यांना."

"तुम्ही मध्ये बोलू नका!" ज्यांची माफी मागायची तेच आपली बाजू घेतात, याच्यासारखा वैताग नाही. ते निघाले. ते जिन्यात पोचल्यावर मी मागून म्हटलं, "तुमचं पाणी चालू करून घ्या." एवढंच जमलं. त्यांनी मान हलवली.

पाइप आला. आरशावरून आडवा, खरंच भयंकर दिसतो. फरशी एकही फुटली नाही.

"तेवढा गंजका स्क्रू बदला," कानसेन हत्यारं गोळा करताना म्हणाला. "नाहीतर एक दिवस दांडा हातात येईल."

मेहुण्याने पेचकस उचलला. मग बाहीने डोळे पुसले.

"रडायचं असेल तर बाहेर जा," मी म्हटलं. "इथे स्क्रू लावायचाय."

तो गेला नाही. जुना स्क्रू काढला तेव्हा भोकातून थोडं तांबूस पाणी आलं आणि थांबलं. त्याच भोकात त्याने नवा स्क्रू पिळला. पिळतच राहिला.

"ओढून बघा, दाजी."

मी दोन्ही हातांनी धरून ओढला. वरच्यांवरचा राग, त्याच्यावरचा, मला न विचारता निघून गेली तिच्यावरचा, सगळा लावून ओढला. दांडा हलला नाही. मेहुणा दोन्ही हात पुढे करून माझ्या मागे उभा होता, दांडा निसटलाच तर मला धरायला.

"बसलाय पक्का. सोडा आता," तो म्हणाला.

मी सोडला नाही.