बेकरीत घुसलेल्या माश्या

बेकरीवाला जिना चढून आला, तेव्हा वहिनी पडद्याला अस्तर लावत बसली होती. घरात ती, तिचा नवरा आणि धाकटा दीर. पण वहिनी ती अख्ख्या इमारतीची.

"तुमच्या माश्यांनी उच्छाद मांडलाय," बेकरीवाला दारातूनच म्हणाला. "पाकाच्या पातेल्यावर नुसती झुंबड. मी पाव भाजू की माश्या हाकलू?"

"चावल्या कुणाला?"

"अजून तरी नाही."

वहिनीने सुई कापडात टोचून ठेवली. ऐन थंडीत मधमाश्यांनी पेटीत एकमेकींना बिलगून बसायचं आणि साठवलेला मध जपून खायचा, ही रीत. यंदा थंडीच पडली नव्हती. तिने गच्चीवर ठेवलेल्या चारही पेट्यांतून माश्या रोज दुपारी उडत होत्या. बाहेर फूल औषधालाही नव्हतं. तेव्हा त्या बेकरीत गेल्या त्या हौसेने नव्हे, भुकेने. हे तिच्या चटकन ध्यानात आलं.

"उद्यापासून त्रास होणार नाही," ती म्हणाली आणि दिराला हाक मारून गच्चीवर गेली.

तिने एकेका पेटीच्या मागच्या कडेखाली हात घालून ती जराशी उचलून पाहिली. पहिल्या दोन जागच्या हलेनात. तिसरी बेताची. चौथी मात्र रिकाम्या सुटकेससारखी वर आली. झाकण काढून पाहिलं, तर आत टांगलेल्या मधाच्या लाकडी चौकटी जवळजवळ कोरड्या, आणि मधोमध अंड्यांचा नि अळ्यांचा थाट.

"पावसाळा सरला तेव्हा भरलेली होती की हो," दीर म्हणाला.

"होती ना. पण ऊब बघून राणीने संसार वाढवला. खाणारी तोंडं वाढली, वर रोजचं हुंदडणं. मध उरणार कुठून, भावजी?"

"मग साखरेचा पाक करून ठेवतो. आत्ता."

"पातळ पाक नको. त्यांना वाटेल फुलोरा आला, राणी आणखी जोमाने अंडी घालेल. शिवाय थंडी कधीही पडेल, तेव्हा पेटीत ओल नको. घट्ट काहीतरी हवं."

ते घट्ट काहीतरी कुठे मिळेल, हे तिला जिना उतरतानाच सुचलं. केकवर लाटून घालतात तो साखरेचा पांढरा गोळा तिने बेकरीवाल्याकडे मागितला. रंग नको, वास नको.

"माश्या चोरून खातात, आणि मालकीण उघड मागायला येते," तो म्हणाला.

"घरपोच मिळालं तर चोरी कशाला करतील?"

त्याला हसू आवरेना. गोळा त्याने स्वतः वर आणून दिला आणि जिन्यापाशी, हात मागे बांधून, बघत उभा राहिला.

सर्वांत जड पेटीतली मधाने भरलेली चौकट वहिनीने काढली, तिच्यावरच्या माश्या तिथेच झटकल्या आणि ती चौथ्या पेटीत अळ्यांच्या अगदी शेजारी बसवली.

"चांगल्या पेटीच्या तोंडचा घास काढताय," दीर कुरकुरला.

"तिला पुरून उरेल एवढं ठेवलंय. मी मोजूनमापूनच कापते, कापड असो की काही."

गोळ्याच्या जाड पोळ्या थापून तिने तिसऱ्या नि चौथ्या पेटीत झाकणाखाली, चौकटींवर ठेवल्या. माश्या लगेच त्यांना चिकटल्या. बेकरीतली झुंबड हळूहळू ओसरली. वहिनी मात्र निर्धास्त झाली नाही. दर आठवड्याला पेट्या उचलून बघायची आणि पोळी संपत आली की दुसरी ठेवायची.

खरी थंडी पडली ती हिवाळ्याच्या अगदी शेवटी, तीही कडाक्याची. दिराला झाकण काढून बघायची घाई झाली होती.

"उघडू नका, ऊब जाईल. कान लावा."

त्याने पेटीला कान लावला. आत संथ, एकसारखी गुणगुण चालू होती.

झाडं फुलली तेव्हा चारही पेट्या जिवंत होत्या. चौथी अंगाने लहान राहिली होती, पण तिच्या माश्या पायांना पिवळे परागकण लावून परतत होत्या.

"हिला अजून पोळी द्यायची का?" दिराने विचारलं.

"तुम्हीच उचलून सांगा."

त्याने कडेखाली हात घातला, पेटी जराशी वर केली आणि डोळे मिटून अंदाज घेतला.

"नको," तो म्हणाला. "आता त्यांचं त्या बघतील."

वहिनीने उचलून पाहिलंच नाही. पडदे शिवायचे राहिले होते. ती खाली गेली.