माझ्या रंगाखालचं भोक

मित्रांनो, मी पाचोड गावची एक जुनी पिकअप गाडी आहे. माझ्या वयाच्या गाड्या आपली गोष्ट छाती काढून सांगतात. मी मात्र मान खाली घालून सांगणार आहे. माझ्यामुळे एका भल्या बाईच्या पायाची बोटं जायची वेळ आली होती.

मी कोरी करकरीत होते, तेव्हा पुंजारामभाऊ मला घरी घेऊन आले. अर्धं पाचोड बघायला जमलं होतं. पहाटे मोसंबीचे कॅरेट भरायचे, शहरात जाधववाडीच्या बाजारात उतरवायचे आणि दुपारपर्यंत परत यायचं, हे माझं काम. वाटेत कधी बंद पडले नाही. "गाडी असावी तर पुंजारामची," असं लोक म्हणायचे. त्या कौतुकाची मला चटकच लागली.

भाऊ माझ्यावर जीव टाकायचे. दसरा आला की पाईप लावून मला धुवायचे, अगदी केबिनमध्येसुद्धा पाणी सोडायचे. मग जिथं गंज दिसेल तिथं स्वतःच्या हातानं ऑईलपेंट मारायचे. गंज आधी खरवडायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सणाच्या घाईत कोण खरवडत बसणार? वर झेंडूचा हार, बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. मी आपली नटून उभी! आतून पत्रा सडतोय हे मला कळत होतं. पण कुणी "अजून नवीच दिसती की!" म्हणालं की मी खूश. अशी मी नटवी.

हळूहळू क्लीनर साईडला, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली, भोक पडलं. धावताना त्यातून रस्ता दिसायचा. भाऊंनी त्यात गोणपाटाचे तुकडे कोंबले, वरून पुट्टी लिंपली, रंग मारला आणि रबरी चटई टाकली. "झालं काम! खाली कोण बघतंय?" म्हणाले. गोणपाट पाणी धरून ठेवायचं आणि भोक आणखी वाढायचं.

खाली बघणारं कुणी नव्हतं, पण पाय ठेवणारं होतं. भाऊंच्या पत्नी लक्ष्मीबाई चपला घालून माझ्यात कधीच चढल्या नाहीत. "आपल्या पोटाला घालती ती. तिच्यावर चपला कशा ठेवू?" असं म्हणून चपला हातात घ्यायच्या आणि मगच पाऊल आत टाकायच्या. यंदाच्या श्रावणात, बाजाराच्या दिवशी, त्या अशाच अनवाणी चढल्या. चटई बाजूला सरकली, पुट्टी फुटली आणि त्यांचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. गंजक्या पत्र्यानं तो सोलून काढला. "आई गं!" एवढंच त्या ओरडल्या. माझ्या अंगावरून त्यांचं रक्त ओघळलं तेव्हा धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

लक्ष्मीबाईंना शुगर आहे. जखम चिघळली. आठ दिवसांत उतार पडला नाही तर बोटं काढावी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि भाऊंनी घरी काय सांगावं? म्हणे, बागेत खिळा लागला! दरवर्षी मिरवलेली गाडी सडकी निघाली, हे त्यांना सांगवेना. मी अंगणात उभी राहून सगळं ऐकत होते. लक्ष्मीबाईंच्या थोरल्या जाऊ मुक्ताबाई खाटेशी बसून बोलल्या, "लक्ष्मी, डोळे कुठं व्हते गं तुझे? एवढी शुगर असून बागेत अनवाणी हिंडतीस व्हय?" लक्ष्मीबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. भाऊ उठून बाहेर गेले. त्यांनी बोलणी खाल्ली, पण नवऱ्याचं नाव घेतलं नाही. चार दिवस येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्यांनाच बोलत होतं.

पाचव्या दिवशी लक्ष्मीबाईंना दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा भाऊ मला घेऊन शहरात उस्मानपुऱ्यात गफूर मिस्त्रींकडे आले. मिस्त्रींनी चटई उचलली आणि हातोडीनं ठोकलं. ताटाएवढा तुकडा खाली पडला.

"अरे भाऊ, नीचे तो कुछच नहीं! ये किसने लिंपा?"

"आधीच्या मालकानं," भाऊ म्हणाले.

मिस्त्री हसले. "आधीचा मालक? गाडी तुमनेच शोरूमसे नई ली थी. इसका हॉर्न मैंनेच बिठाया था."

भाऊंना कुठं बघावं कळेना. मलाही कळेना.

"इधर बैठता कौन?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझी बायको," भाऊ म्हणाले. "दवाखान्यात हाय ती. माझ्यामुळंच."

मिस्त्रींनी कटर उचललं. सडलेला पत्रा त्यांनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापत नेला. माझं ते भगदाड भर दुपारी रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसत होतं. पत्रा कापताना दुखलं, पण ती लाज त्याहून जास्त लागली. मग नवा पत्रा जोडला, वरून-खालून गंज रोखणारं लाल ऑक्साईड मारलं. भाऊ दोन दिवस बाजूला उकिडवे बसून बघत होते.

बोटं वाचली. मित्रांनो, हे आधी सांगायला हवं होतं, तुम्ही काळजीत असाल.

दसऱ्याला घरची माणसं माझ्याभोवती जमली. मुक्ताबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. "भाऊजी, औंदा रंग नाय दिला? कशी भुंडी दिसती बघा."

"वहिनी, रंगानंच घात केला," भाऊ म्हणाले. "लक्ष्मीला खिळा लागलाच नव्हता. गाडीतलं भोक मी झाकून ठेवलं व्हतं. त्यात तिचा पाय गेला. मी खोटं बोललो आन् तुमची बोलणी तिला खाऊ दिली."

मुक्ताबाईंनी ताट खाली ठेवलं आणि जावेचा हात धरला. लक्ष्मीबाई पायरीवर बसल्या होत्या, पायाला अजून पट्टी होती. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पाय दुखला त्याचं काय नाय. पण माझ्याच घरात मला येड्यात काढलं आन् तुम्ही ऐकत बसला, ते लई दुखलं."

भाऊंनी भर अंगणात त्यांच्यापुढं हात जोडले.

लक्ष्मीबाई अजून माझ्यात बसत नाहीत, एसटीनं जातात. त्यांना कुणी आग्रह करू नये. मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर आजच मोठ्या माणसांना सोबत घेऊन तिच्यातली चटई उचला. भोक दिसलं तर आधी घरात सांगा, मग मिस्त्रीला दाखवा. गाडीला वाईट वाटेल, वाटू द्या. मला कुणी वेळेवर लाजवलं असतं, तर लक्ष्मीबाई आज माझ्यातच, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून बाजाराला आल्या असत्या.