सुट्टीतली दुरुस्ती

लेकीचं, फिजाचं, हे लग्न मोडलं असतं तर झकेरियाभाईंना एक खुर्ची मिळणार होती. साधीसुधी नव्हे, फिरती. उरणला बंदराच्या रस्त्यावर त्यांच्या जुन्या दोस्ताचं गोदाम, गोदामात काचेची केबिन, केबिनमध्ये ही खुर्ची. आणि दोस्ताचा मुलगा नोमान लग्नाचा. दोस्त उघड काही बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "फिजा आमच्या घरात आली तर तू काय परका राहशील, झकेरिया? येऊन बसत जा की. कामावर नजर ठेव." कुवेतहून परतून तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत झकेरियाभाईंना कुणी कुठं येऊन बसायला सांगितलं नव्हतं. तेव्हा जमेला खुर्ची, सकाळचा चहा, दुपारचा चहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे सलाम. खर्चाला मुलीची पसंती. मुलगी चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी जेवेल. सौदा वाईट नव्हता.

अडचण एकच होती. फिजानं पसंत केलेल्या आदिलमध्ये खोट सापडेना. नोकरी चांगली, विचुंब्याला नवा फ्लॅट, विडी-सिगारेट नाही, देण्याघेण्याची भाषा नाही. आई जास्मीन शाळेत शिकवून निवृत्त झालेली, बोलायला गोड. झकेरियाभाई महिनाभर शोधत होते. मग एकदा फिजाच हसत हसत बोलून गेली, "आदिलला ना अब्बा, गाडीच्या वायपरचं रबरसुद्धा बदलता येत नाही. माणूस बोलावला त्यानं!"

फिजा हसली. झकेरियाभाई हसले नाहीत. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

कारण या बाबतीत पनवेलच्या त्या आळीत त्यांचा शब्द चालायचा. कुवेतच्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे पाने-पकडी मोजून देणारे आणि मोजून परत घेणारे. पण आळीत सगळे त्यांना मेकॅनिकच समजत, आणि त्यांनीही कुणाचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. समजायला कारणही होतं. दर दोन वर्षांनी ते सुट्टीवर यायचे, बॅगा उघडायच्या आधी बायको, बिल्कीस, म्हणायची, "बरं झालं आलात. पलंग कुरकुरतोय, बेल वाजत नाही, मोरीचा नळ गळतोय. तुमच्याशिवाय कोण बघणार?" मग झकेरियाभाई बाह्या सरसावायचे. संध्याकाळपर्यंत पलंग गप्प, बेल बोलती, नळ कोरडा. खाली उभं राहून ते सांगायचे, "बायकांचं घर. पुरुष आला की कळतं, काय काय मोडून पडलंय ते." कायमचे परतल्यावर मात्र घरात काही मोडेनासं झालं होतं. पंखा अडकला असं वाटावं, नमाजाला जाऊन यावं, तर तो आपला फिरतोय. जुन्या वस्तूंची बनावटच मजबूत, असं त्यांचं मत झालं होतं.

आठवड्यापूर्वी नळ पुन्हा गळू लागला तेव्हा बिल्कीस त्यांच्याकडे बघत राहिली होती. ते म्हणाले, "राहू दे. रविवारी पाहुणे येतायत ना, तेव्हा बघू."

रविवारी आदिल आणि जास्मीन तारीख ठरवायला आले. सरबत झालं, खाणं झालं. झकेरियाभाईंनी खजुराची बी ताटलीत ठेवली आणि मधाळ आवाजात म्हणाले, "आदिलमियाँ, आमच्या मोरीतला नळ गळतोय. जरा बघता का? आता तुम्ही घरचेच."

आदिल उठला, मोरीत गेला, बघून आला.

"हो अंकल. गळतोय."

"ते मलाही दिसतंय. नीट करायचा आहे."

"मला नाही येत, अंकल." इतकं सरळ, जसं कुणी सांगावं की मला चहात साखर नको. वर खिशातून मोबाइल काढला. "माणूस बोलावतो. चाळीस मिनिटांत पोचतो म्हणतायत. पैसे मी भरतो, तुम्ही काळजी करू नका."

येत नसेल ही झकेरियाभाईंची अटकळ होतीच. पण न येण्याची लाज नाही, याचा त्यांना धक्का बसला.  मग सावरले आणि ठरवलेलं बोलायला लागले. "ऐकलंत जास्मीनआपा? एका वायसरसाठी माणूस! टायर बदलता येत नाही आणि गाड्या घेतात. बटण बिघडलं तर घरं अंधारात बसतात. ही काय पुरुषांची जात झाली?"

जास्मीनचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, भाईजान. याचे वडील अंगणात स्कूटर उघडून बसायचे. हा त्यांच्या शेजारी जाऊन बसायला बघायचा आणि मी आत ओढायची. हात काळे करू नकोस, अभ्यास कर. सगळ्या बायांनी तेच केलं."

"चूक कुणाचीही असो," झकेरियाभाई म्हणाले, "भोगायची माझ्या मुलीनं. मला जरा विचार करावा लागेल. तारखेचं आज राहू द्या."

फिजाच्या हातातला ट्रे कलला. तिनं आईकडे बघितलं. बिल्कीसची नजर मोरीकडे होती. 

आणि आदिल म्हणाला, "अंकल, मग तुम्ही दाखवा ना. मी शिकतो. आज शिकलो तर तारीख ठरेल?"

याहून गोड प्रश्न झकेरियाभाईंना त्या वर्षात कुणी विचारला नव्हता. पाहुण्यांसमोर, जास्मीनआपांसमोर, सरसावायला बाह्या आयत्याच होत्या. "फिजा, पाना आण!"

बिल्कीस झटकन उठली. "ऐका ना, थांबा जरा. मी गच्चीवरचे कपडे काढून येते."

"आत्ता कपडे?"

"उन्हानं रंग उडेल."

"उडू दे. बस इथं. तूसुद्धा बघ."

"पाचच मिनिटं, फिजाचे अब्बा..."

"बिल्कीस!" झकेरियाभाई पाहुण्यांकडे बघून हसले. "बघा, नवरा काम करायला लागला की यांना कपडे आठवतात. दर वेळेला हेच."

सगळे मोरीच्या दाराशी जमले. झकेरियाभाईंनी नळाच्या डोक्याला पाना लावला. "आधी हे फिरवायचं. जोर हाताचा नाही, खांद्याचा." एक आटा. दुसरा आटा. बाजूनं पाणी फसफसलं. तसं पूर्वी कधी झालं नव्हतं, पण आता थांबायचं कसं? त्यांनी तिसरा आटा दिला.

नळाचं डोकं उडून छताला लागलं आणि त्याच्यामागून पाण्याचा खांब उठला. झकेरियाभाईंनी त्यावर तळहात दाबला, तर पाणी पंख्यासारखं पसरून दाराबाहेर गेलं: जास्मीनच्या जरीच्या ओढणीवर, आदिलच्या मोबाइलवर, दिवाणाच्या गाद्यांवर. जास्मीन किंचाळली. फिजा बादली घेऊन धावली, जसं काही बादलीनं होणार होतं. "बंद करा! अंकल, बंद करा!" आदिल ओरडत होता, आणि झकेरियाभाई भिजलेल्या दाढीनं भिंतीकडे बघत होते. कुठून बंद करायचं? नळ तर उघडाच पडलेला. पाणी आणखी कुठून बंद होतं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. कुवेतच्या बावीस वर्षांत सुट्टीवर येऊन इतक्या वेळा हा नळ खोलला आणि कधी थेंब उडाला नव्हता.

मग गळा आवळावा तसं पाणी एकाएकी बसलं.

बिल्कीस दारात नव्हती. दारात उभी होती खालच्या मजल्यावरची गोदूबाई, पदर भिजलेला. "भाई, आमच्या मोरीच्या छतान धार लागलीय! बिल्कीस कुठं हाय? आज वॉल बंद करायला कशी इसरली ती?"

"कसला वॉल?"

"गच्चीवरचा, टाकीजवलचा. तुमच्या हातान पाना द्यायच्या आदी ती जाऊन बंद करतं ना नेमानं."

"आधी म्हणजे कधी आधी?"

"आदी म्हंजे आदी! तुमी कुवेतवरना आलात का ती गच्चीवर. मी सुकट वालत घालतंय तितं, मला दिसतं सगला. वॉल बंद करतं, खाली येतं, नट ढिला करतं. तुमचा झाला का परत कपरं काढायला वर." एवढं बोलून गोदूबाईनं खोलीतल्या ओल्या तोंडांकडे पाहिलं आणि तिला काहीतरी कळलं. "जातंय बाय मी. माझा भात हाय गॅसवर."

बिल्कीस जिना उतरून आत आली, कुणाकडे न बघता मोरीत बसली. कोपऱ्यात पडलेलं नळाचं डोकं उचललं, झिजलेला वायसर काढला, जुन्या चपलेच्या रबरातून कापून ठेवलेला एक त्या जागी बसवला, डोकं फिरवून घट्ट केलं. तिच्या हातांना बघावं लागत नव्हतं.

"नट ढिला?" झकेरियाभाई म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तू ढिला करायचीस?"

"नळाचा. पलंगाचे स्क्रूपण."

"आणि बेल?"

"तार काढून ठेवायची."

"का?"

बिल्कीस पाना पुसत राहिली. "दोन महिने यायचात. बावीस वर्षं घर माझ्या हातात. पंखा, मोटर, नळ, सगळं करत होते, न करून सांगते कुणाला? पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा सगळं ठीकठाक होतं. तुम्ही या खोलीतून त्या खोलीत नुसते फिरत राहिलात. रात्री म्हणालात, इथं माझं काही काम दिसत नाही. मला भीती वाटली. पुढच्या खेपेला चार स्क्रू ढिले करून ठेवले."

झकेरियाभाई ओल्या दिवाणावर बसले.

शेवटी जास्मीनच बोलली, मास्तरणीच्या सवयीनं. "मग फिजाला येतं हे सगळं? आमच्याकडे एक जण तरी होईल कामाचं."

"नाही खाला," फिजा म्हणाली. "अम्मी हातच लावू देत नाही. दार लावून घेते."

"मुद्दाम," बिल्कीस म्हणाली.

आता सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

"मला आलं, म्हणून माझ्यावर पडलं. वर, येतं हे लपवायचं, तेही माझ्यावर. हिला येणार नाही, तर हिच्यावर पडणार नाही. हा मुलगा येत नाही म्हणतो, माणूस बोलावतो, पैसे स्वतः भरतो. मला तर तेवढ्यासाठीच पसंत आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "या घरात 'मला येत नाही' असं या मुलाआधी कुणी पुरुष म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणून बघा. काही होत नाही."

झकेरियाभाईंनी तोंड उघडलं. उरणची ती खुर्ची हलकेच एक गिरकी घेऊन पाठमोरी झाली. दोस्ताच्या केबिनमध्ये बसून ते कुणाच्या कामावर नजर ठेवणार होते?

"मला येत नाही," ते म्हणाले. आणि आदिलकडे वळून, "तारीख तुम्हीच सांगा."

बेल वाजली. दारात मागवलेला माणूस उभा होता, पाठीवर पिशवी. काम झालेलं बघून तो खट्टू झाला, तर आदिलनं त्याच्या हातावर येण्याजाण्याचे पैसे ठेवले आणि वर सॉरी म्हटलं. झकेरियाभाई हेही डोळे फाडून बघत होते.

लग्न ठरलं, झालं. कुणी काय भरलं ते असं. आदिलनं एक मोबाइल आणि आलेल्या माणसाचं भाडं. जास्मीननं ओढणीची जर. गोदूबाईनं छताचा रंग, तोही कुरकुर न करता, कारण आपण जास्त बोललो हे तिला ठाऊक होतं. झकेरियाभाईंनी खुर्ची; तिथं आता दोस्ताचा मेहुणा बसतो. फिजाला काहीच भरावं लागलं नाही.

राहिली बिल्कीस. झकेरियाभाई आता घरात काही हातात घेत नाहीत. रात्री जेवण झालं की एकेक आठवतात आणि विचारतात. भिंतीवरचं घड्याळ, त्या ईदला बंद पडलेलं, मी चालू केलं होतं ते? शिलाई मशीनचा पट्टा? दाराची कडी?

"ते तुम्हीच केलं होतं," बिल्कीस सांगते. "त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता."

यातलं एकही खरं नाही. तो हप्ता ती अजून भरते आहे.