वाकळेच्या पोटातला घास

जाड कापडातून दोरा ओढला जातो तेव्हा एक आवाज होतो. सर्र असा, लांबलचक, आणि शेवटी किंचित अडखळणारा. पौषातल्या दुपारी, कबनूरची ती गल्ली जेवून सुस्तावलेली असताना, पत्र्याच्या शेडमध्ये बसून तो आवाज मी कितीतरी वेळ ऐकत असे. आज निंगव्वा म्हटले की तिचा चेहरा मला आधी आठवत नाही, तो आवाज आठवतो. मग छपरातल्या काचेतून फरशीवर उतरलेला उन्हाचा चौकोन आठवतो, त्या चौकोनात पसरलेली वाकळ आठवते, आणि वाकळेच्या कडेला एक पाय दुमडून, दुसरा लांब सोडून बसलेली ती. ऊन सरकेल तशी ती सरकायची. सकाळी शेडच्या पश्चिमेच्या भिंतीशी असलेली निंगव्वा दिवेलागणीला पूर्वेच्या भिंतीशी पोहोचलेली असायची.

त्या शेडमध्ये पूर्वी चार माग होते. ते भंगारात गेले, फरशीत बोल्टांची भोके तेवढी राहिली, आणि गल्लीतल्या सहा घरांतली माणसे एका वर्षात रिकाम्या हातांची झाली. माझी एक विद्यार्थिनी त्या गल्लीत दिलेली. तिने मला तिथे नेले, बायकांनी शिवलेल्या वाकळा दाखवल्या, आणि म्हणाली, “बाई, ह्या विकत्यात का बघा की कुटंतरी.” माझ्या भाचीने इंटरनेटवर दुकान उघडले. फोटो ती काढायची आणि प्रत्येक वाकळेखालचा मजकूर मी लिहायची. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरे काय येणार? वाकळ ज्या बाईने शिवली तिच्या नावाची कापडी चिठ्ठी कोपऱ्यात शिवलेली असे. ते नावही माझ्याच वळणदार अक्षरात असायचे. कळंब्याहून दर गुरुवारी मी हातकणंगल्यावरून जाणारी एसटी धरून कबनूरला जायची, आणि तयार वाकळा घेऊन परतायची.

आता खरे सांगते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू मी मुलींकडून वर्षानुवर्षे घोकून घेतले. त्यांतल्या पहिल्या पाचांशी माझी कमीअधिक ओळख होती. सहावा मात्र निवृत्तीनंतर भेटला, तोही एका निरक्षर बाईच्या शेजारी सतरंजीवर बसलेला. मला निंगव्वाचा हेवा वाटायचा. तोही थोडाथोडका नाही.

दिसायला ती काही विशेष नव्हती. काळीसावळी, ठेंगणी, कपाळावर विभूतीच्या पुसट रेघा, वेणीत खोचलेली सुई. सीमेपलीकडचे माहेर असल्याने तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायची, आणि बोलणे इतके मोठ्याने की परक्याला वाटावे भांडण चालले आहे. शिवायला बसली की मात्र ती अगदी गप्प व्हायची. तुकडे निवडताना ती विचार करते असे कधी दिसले नाही. हात गाठोड्यात जायचा, एक तांबडा तुकडा यायचा, त्याच्याशेजारी पोपटी, त्याच्यावर कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचा विटका जांभळा, आणि पाहता पाहता त्या चिंध्यांना असा काही मेळ यायचा की मी बघतच राहायची. तिचे टाके मुळीच सरळ नसत. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या माणसासारखे ते जमीन असेल तसे वळत जायचे. मी पट्टी घेऊन मोजले असते तर एका वितीत सारख्या अंतराचे दोन टाके सापडले नसते. आणि तरीही तळहात फिरवला की कापडाखाली कुणीतरी हळूच श्वास घेत असल्यासारखे वाटायचे.

वाकळ ती कडेपासून शिवायला घ्यायची आणि फेऱ्या घेत आत आत जायची. शेवटी मधोमध चार बोटांची जागा उरायची. त्या जागेला ती पोट म्हणायची. ते पोट शिवून बंद करण्याआधी ती डब्यातली कडक भाकरी काढायची, तिच्या माहेरची, महिनोन्महिने टिकणारी, पापडासारखी पातळ. तिचा नखाएवढा तुकडा मोडून आत सारायची. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, “उपाशी वाकळ कुणाला ऊब देणार, बाई?” मग चार टाके, एक गाठ, आणि दाताने दोरा तोडला की काम संपले. नंतर त्या जागी बोट दाबले की आत कुरकुर असा बारीक आवाज यायचा.

या घासावर मी एक परिच्छेद लिहिला. खोटे कशाला बोलू, फार सुंदर लिहिला. भाचीने तो हिंदी-इंग्रजीत केला, आणि पुढच्या आठवड्यापासून मागण्या सुरू झाल्या. घास सहाही जणी घालत होत्या, पण मागणी यायची ती एकच: निंगव्वांच्या हातची हवी. दिल्लीहून, बंगळूरहून, कुठल्या कुठल्या थंड गावांहून. लोक लिहायचे, तिचे टाके पाहून डोळे भरून आले. माझ्या परिच्छेदाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गल्लीतल्या सहा घरांच्या चुली त्या वाकळांवर पुन्हा नीट पेटू लागल्या होत्या, याचा मला आनंदच होता. पण रात्री अंथरुणावर पडले की मनात यायचे, हिची वाकडी रेघ लोकांना दिसते आणि माझी सरळ ओळ दिसत नाही.

म्हणून मीही एक वाकळ शिवली. शिवण मला आईने शिकवली होती. सारा हिवाळा मी त्या वाकळेवर घालवला. निळ्या आणि पांढऱ्या रंगांची जोडणी, प्रत्येक चौकोन मापात, वितीत बरोबर अकरा टाके, मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ. कोपऱ्यात माझे नाव लिहिले आणि दुकानात मांडली. चार महिने ती तिथे पडून राहिली. लोकांनी बदामाच्या खुणा टाकल्या, छान म्हटले, आणि पुढे गेले. लग्नाच्या वयाची मुलगी दाखवून दाखवून थकलेल्या घरात जशी शांतता पसरते, तशी आमच्या घरात पसरली. भाची तो विषय काढीनाशी झाली.

त्याच सुमारास निंगव्वाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी दोन महिने सुईला हात लावायचा नाही असे बजावले. नेमकी तेव्हाच पहाडातल्या एका गावातल्या निवृत्त डॉक्टरबाईंची मागणी आली: निंगव्वांची वाकळ हवी, रंग त्यांना सुचतील ते. भाची म्हणाली, थांबायला सांगू. मी म्हणाले, मी कळवते. कळवले मात्र नाही. माझी निळी-पांढरी वाकळ दुकानातून काढली, जेवणाच्या टेबलावर पसरली, कोपऱ्यातले माझ्या अक्षरातले माझे नाव उसवले, आणि तिथे माझ्याच अक्षरातले निंगव्वाचे नाव शिवले. पार्सल बांधून मीच पोस्टात टाकले. मला फक्त एवढेच बघायचे होते की दोष माझ्या टाक्यांत आहे की माझ्या नावात.

दहाव्या दिवशी उत्तर आले. वाकळ अप्रतिम आहे, असे टाके मी आयुष्यात पाहिले नाहीत, निंगव्वांच्या हातांना नमस्कार सांगा. मी तो निरोप चार वेळा वाचला. पहिल्या वेळी अंगावर मूठभर मांस चढले. चौथ्या वेळी लक्षात आले की नमस्कार तिच्याच हातांना गेला होता. माझा हिवाळा, माझे अकरा टाके, माझी निळाई, आणि कौतुक पुन्हा तिचेच. चोरी मी केली आणि लुटलीही मीच गेले, असा तो प्रकार होता. मला कित्येक दिवस जेवण गोड लागले नाही.

मग दुसरा निरोप आला. त्यात तक्रारीचा सूरही नव्हता. डॉक्टरबाईंनी लिहिले होते, घासाबद्दल वाचले होते म्हणून वाकळेचे पोट बोटांनी चाचपून पाहिले, काही लागले नाही, कुरकुरही ऐकू आली नाही. निंगव्वा विसरल्या का? त्यांची तब्येत बरी आहे ना? थंडीला अजून अवकाश आहे, म्हणून वाकळ परत पाठवली आहे, तेवढा घास घालून द्यावा. माझ्याच सुंदर परिच्छेदाने मला पकडून दिले होते. मापे घेतली, रेघा आखल्या, मागची बाजू पुढच्यासारखी केली, आणि घास घालायचे माझ्या मनातही आले नव्हते. त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा सुचली. पार्सलवर परतीचा पत्ता शेडचा असायचा. वाकळ कळंब्याला येणार नव्हती, कबनूरला निंगव्वाच्या नावाने जाणार होती.

मी मिळेल ती एसटी धरली. वाटेत मनाशी दहा कारणे रचली आणि दहाही मोडली. ही गोष्ट फुटली तर दुकानावरचा विश्वास जाणार होता, सहा घरांचा आधार जाणार होता, आणि माझे तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. शेडच्या दारात पोहोचले तर उन्हाच्या चौकोनात माझी निळी-पांढरी वाकळ पसरलेली, आणि तिच्यावर हिरवा चष्मा लावलेली निंगव्वा ओणवी. दोघीतिघी भोवती जमल्या होत्या. ती टाक्यांवरून तळहात फिरवत होती, सावकाश, आंधळ्या माणसाने चेहरा ओळखावा तसा. मी उंबऱ्यातच थांबले.

“ही कवा शिवलीस गं?” एकीने विचारले.

निंगव्वाने मान वर केली नाही. “आपरेशनच्या आदी. तुमास्नी कुटं समदं ठावं आस्तंय.”

“तुजी वाटत न्हाय.”

“माजीच हाय की. नाव न्हाय का तितं?”

बायका आपापल्या कामाला लागल्या. मी जाऊन तिच्यासमोर बसले. कुरकुर लागली नाही म्हणून तिने वाकळेचे पोट आधीच उसवून ठेवले होते. डब्यातली भाकरी काढली, नखाएवढा तुकडा मोडला, आणि तो स्वतः आत न सारता माझ्यापुढे धरला. एरवी गल्लीभर ऐकू जाणारा तिचा आवाज तेव्हा माझ्यापुरताच होता.

“घास तुमी घाला, बाई. जिनं शिवली तिनंच घालायचा आस्तोय.”

मी तो घेतला आणि आत ठेवला. सुई घेतली तर दोरा काही केल्या ओवता येईना. तिने सुई माझ्या हातातून काढून घेतली. ऑपरेशननंतर तिने घातलेले ते पहिलेच टाके. चार बोटांच्या जागेत तिचा दोरा तसाच वळत, भटकत गेला, आणि तो सर्र आवाज मी इतक्या जवळून ऐकला की मला रडू येईल असे वाटले. गाठ मारताना ती खालच्या मानेनेच म्हणाली, “येवडी झ्याक शिवलीसा, आन् उपाशी कशी ओ धाडलीसा?”

माझ्या वाकळेला माझ्या नावाने मिळालेले तेवढेच एक खरे कौतुक. त्यापुढे ती त्या विषयावर कधी बोलली नाही, ना माझ्याशी, ना दुसऱ्या कुणाशी. तिने चारचौघींत माझी अब्रू काढली असती तर मला सोपे गेले असते; मी ओशाळले असते, थोडी रडले असते, आणि मनातल्या मनात तिला माफ न करता मोकळी झाले असते. पण तिने मला झाकले. शिवण्यात ती माझ्या पुढे होतीच, आता मनाच्या मोठेपणातही पुढे गेली, आणि परतीच्या एसटीत कृतज्ञता वाटायच्या ऐवजी मला तिचा आणखीच हेवा वाटला.

वाकळ पुन्हा पहाडात गेली. डॉक्टरबाईंचा निरोप आला: आता पटले, आता ही खरीच निंगव्वांची वाटते, मधल्या त्या चार बोटांच्या वाकड्या टाक्यांवर हात ठेवला की मला झोप लागते. बाकी एवढी मोठी वाकळ माझी होती. त्याबद्दल या वेळी त्यांनी काही लिहिले नव्हते. मी निरोप निंगव्वाला वाचून दाखवला, एक शब्दही न गाळता, आणि ती नुसती हसली.

गेल्या कार्तिकात निंगव्वा गेली. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. शेडमध्ये आजही पाच जणी शिवतात, दुकान चालू आहे, ऊन अजून त्याच वाटेने भिंतीकडून भिंतीकडे जाते, पण त्याच्याबरोबर आता कुणी सरकत नाही. तिच्या वाकळांची मागणी अजून येते आणि मी कळवते की त्या आता मिळणार नाहीत. हे लिहिताना दर वेळी मला एक गोष्ट टोचते. तिची प्रत्येक वाकळ माझ्या हातांखालून गेली. मी त्या झटकल्या, घड्या घातल्या, त्यांच्यावर तिचे नाव शिवले. एखादी मागून घ्यायला मला कोण अडवत होते? मत्सराने अडवले. देशभर कुठे कुठे माणसे तिच्या उबेत झोपतात आणि माझ्या घरात तिच्या हातचा एक तुकडा नाही.

यंदा मी स्वतःसाठी एक वाकळ शिवली. तांबड्याशेजारी पोपटी लावून पाहिला, टाके मुद्दाम वाकडे घालायचा प्रयत्न केला; हात ऐकेना, ओळी सरळच आल्या. पोटात मात्र घास आठवणीने घातला. आता थंडी पडली की मी माझ्या सरळ टाक्यांखाली पडून अंधारात वाकळेच्या मध्यभागी हात फिरवत राहते. भाकरी कुरकुरते, बोटे पुढे सरकतात, आणि जी या वाकळेत कधी नव्हतीच ती चार बोटांची वाकडी वाट शोधत राहतात.