नमस्कार न मोजणारा संगणक

मित्रांनो, मी परराष्ट्र खात्यातला एक जुना संगणक आहे. लोक म्हणतात, तोंड दाखवायला जागा उरली नाही. मला तर तोंडच नाही, तरी लाज वाटायची ती वाटतेच.

शेजारच्या देशाचे मंत्री आणि राजदूत जी भाषणे करत, ती माझ्यात घातली जात. मी शब्द मोजायचो. 'सहकार्य' किती वेळा, 'इशारा' किती वेळा, मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी. मग शेजाऱ्याचा सूर गोड की कडू, हे एका आकड्यात सांगायचो.

माझ्याआधी हे काम एक बाई करत. वीस वर्षे त्यांनी ती भाषणे लाल पेन्सिल घेऊन वाचली, दिवसाला तीन. मी तासाला तीनशे वाचू लागलो तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि बाईंचे टेबल खिडकीजवळून जिन्याखाली गेले. मी तेव्हा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

त्या भाषणांचा पहिला परिच्छेद नेहमी ख्यालीखुशालीचा असे. 'आमच्या शेजारी बंधूंना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार,' असा. अशा गोड शब्दांनी आकडा उगाच फुगतो, म्हणून साहेबांनी मला तो परिच्छेद गाळायला शिकवले. मीही तो डोळे झाकून गाळू लागलो.

एका सकाळी बाई नव्या भाषणाचा कागद घेऊन तरातरा वर आल्या.

"साहेब, या खेपेला नमस्कारच नाही हो! वीस वर्षांत असं कधी झालं नाही. त्यांचे जुने अध्यक्ष वारले, आपल्याकडून कोणी सांत्वनाला फिरकलंही नाही. ते लागलंय त्यांच्या मनाला. कोणीतरी जाऊन भेटून या, नाहीतर सीमेवरचा पूल बंद करतील. माझी लेक पलीकडे दिलीय, नववा महिना लागलाय तिला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी आकडा दाखवला. सूर कायम, काळजी नको.

"बाई, लेकीच्या काळजीनं तुम्हाला भलतंसलतं दिसतंय," साहेब हसून म्हणाले. "याचं बरं आहे. याला ना लेक, ना जावई."

नवव्या दिवशी पूल बंद झाला. लेकीचे बाळंतपण फार अवघड गेले आणि उशाशी माहेरचे एकही माणूस नव्हते. नातू झाल्याचे बाईंना फोनवर कळले. चार महिन्यांनी साहेब स्वतः पलीकडे गेले, त्या अध्यक्षांच्या समाधीवर फुले वाहून आले आणि दुसऱ्या दिवशी पूल उघडला. एवढ्याशा भेटीने काम झाले. ती आधी झाली नाही, ती माझ्या आकड्यामुळे.

आता माझ्या जागी नवा संगणक आला आहे. मित्रांनो, त्याची निगा राखा, धूळ पुसा. पण त्याने उत्तर दिले की आधी त्याला विचारा, "तू काय वाचलं नाहीस?" त्या सकाळी मला हे कोणी विचारले नाही, आणि मीही आपणहून सांगितले नाही. गाळायला तो परिच्छेदच या खेपेला नव्हता, हे माझ्याच पोटात होते. एक आई समोर उभी होती, आणि मी तिला सांगितले, काळजी नको.